डिसेंबरची सावली, एप्रिलचं ऊन: कोथरूडमधल्या एका वाफ्यासाठी झुडपांची निवड

पार्किंगवर चार मजले, गच्चीच्या कठड्यापर्यंत उंची सुमारे 50 फूट. इमारतीच्या उत्तरेला गाड्या जाण्यासाठी 10 फुटांचा रस्ता आणि त्याच्या पलीकडे, कंपाउंडच्या भिंतीला लागून, 64 फूट लांब व 4 फूट रुंद वाफा. पूर्वेच्या टोकाला जुना गुलमोहर, पश्चिमेच्या टोकाला गेट. मधल्या भागात ड्रेनेजचे दोन चेंबर, भिंतीच्या पायथ्याशी गॅसची पाइपलाइन. कोथरूडमधल्या या सोसायटीत दोनदा लागवड झाली आणि दोनदा वाया गेली. दोन्ही वेळची चूक एकमेकींच्या बरोबर उलट होती.

पहिली लागवड जुलैतली. कडेला सोनेरी ड्युरँटा, मागे क्रोटन, मधूनमधून जास्वंद आणि लाल इक्झोरा. पावसात सगळं तरारलं. दिवाळीनंतर ड्युरँटाचा सोनेरी रंग उतरून साधा हिरवा झाला, पेरं लांबली आणि कडा रस्त्याच्या बाजूला झुकली, कारण उजेड तिकडून येत होता. क्रोटनची नवी पानं लाल-पिवळी न येता हिरवीच येत राहिली. जास्वंदीला कळ्या तुरळक आणि शेंड्यांवर पिठ्या ढेकूण. इक्झोरा मेला नाही, पण फुललाही नाही.

यावरून कमिटीने ठरवलं, की इथे सावलीच आहे. पुढच्या ऑक्टोबरात नर्सरीत जाऊन ‘सावलीत चालणारी झाडं द्या’ म्हणून फर्न, कॅलेथिया, पीस लिली, अ‍ॅग्लोनिमा आणि डिफनबॅकिया आणले. मार्चच्या मध्यापर्यंत वाफा देखणा होता. एप्रिल संपता संपता कॅलेथिया वाळून गेला, अ‍ॅग्लोनिमाच्या पानांवर पांढरट डाग पडले आणि फर्नचं गवत झालं. माळीकाकांना वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून पाणी दुप्पट केलं. त्याने पीस लिलीची मुळं कुजली.

पाणी कमी पडलं की ऊन लागलं, हे पानावर वाचता येतं. पाणी कमी पडलं किंवा क्षार साचले तर पान कडेने आणि टोकाकडून तपकिरी होत आत येतं. ऊन लागलं तर डाग पानाच्या मध्यावर, आकाशाकडे तोंड असलेल्या भागावर पडतो. आधी फिकट, मग कागदासारखा पांढरा आणि कोरडा. खात्रीची खूण अशी: दोन पानं एकावर एक आलेली असतील तर वरचं बाजूला करून खालचं पाहावं. झाकलेला भाग हिरवागार आणि डागाची कड सुरीने कापल्यासारखी सरळ असेल, तर तो उन्हाचा चटका. इथल्या अ‍ॅग्लोनिमावर नेमकी हीच खूण होती.

उत्तरेचा वाफा म्हणजे सावलीचा वाफा नव्हे

पुणे साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. 22 डिसेंबरला भर दुपारी सूर्य डोक्यापासून जवळजवळ 42 अंश दक्षिणेला कललेला असतो आणि 50 फुटी इमारतीची सावली उत्तरेला 45 फूट पडते. 21 मार्चला तीच सावली 17 फुटांवर येते, एप्रिलच्या मध्याला 8 फुटांवर. 13 मेच्या सुमारास पुण्यात शून्य सावलीचा दिवस असतो. तेव्हा दुपारी सावली उरतच नाही. त्यानंतर जुलैअखेरपर्यंत भर दुपारी सूर्य किंचित उत्तरेलाच असतो.

आता वाफा कुठे आहे ते पाहा. इमारतीपासून 10 फुटांवर तो सुरू होतो आणि 14 फुटांवर संपतो. म्हणजे मार्चच्या अखेरीस दुपारचं ऊन भिंतीकडच्या कडेला लागतं, एप्रिलचा पहिला आठवडा सरता सरता अख्खा वाफा उघडा पडतो. वाफा पूर्व-पश्चिम असल्यामुळे मेमध्ये हे ऊन तासाभराचं नसतं. सूर्य वाफ्याच्या रेषेवरूनच चालतो, त्यामुळे सकाळी नऊ-साडेनऊपासून दुपारी तीनपर्यंत ते टिकू शकतं. पारा त्या दिवसांत अडतीस-चाळीसला. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस आला की ढग आड येतात आणि सप्टेंबरच्या मध्याला इमारतीची सावली पुन्हा वाफा झाकते. ‘ऑक्टोबर हीट’चा इथे त्रास नाही, झाडं मारतात ते एप्रिल आणि मे.

गुलमोहराने यात भर घातली. तो पानं गाळतो ती नेमकी उन्हाच्या तोंडावर आणि नवी पालवी येईपर्यंत त्याच्याखाली सावलीच नसते. ‘झाडाखाली आहे, चालेल’ म्हणून लावलेला फर्न तिथेच सर्वात आधी गेला. बकुळ किंवा आंब्यासारखं सदाहरित झाड असतं तर हिशेब वेगळा झाला असता.

म्हणून झाडं घ्यायला जाण्याआधी एक कागद आणि फुटांची टेप एवढंच पुरतं. इमारतीची उंची फुटांत घ्या. दुपारची सावली उंचीच्या किती पट, ते असं: डिसेंबरअखेर 0.9, मार्चअखेर 0.26, एप्रिलच्या मध्याला 0.15, मेच्या मध्याला शून्य. सावलीची लांबी वाफ्याच्या अंतरापेक्षा कमी झाली की तिथे ऊन. पुण्यात खरी दुपार घड्याळातल्या बाराला नसते, साडेबारा उलटून थोड्या वेळाने असते. नुसत्या डोळ्यांनी उजेड किती आहे हे ठरवणं फसवं ठरतं. पांढऱ्या कागदावर फूटभर उंचीवरून हाताची सावली पाडावी: कड स्पष्ट दिसली तर ऊन, पुसट दिसली तर अर्धी सावली, हात आहे की नाही तेच कळेना तर दाट सावली. मोबाइलमधल्या लक्समापकाचा, म्हणजे उजेड मोजणाऱ्या अ‍ॅपचा, आकडा अचूक नसतो, पण एकाच फोनने वाफ्याच्या दोन टोकांची तुलना करायला चालतो.

सहा महिने सावली, दोन महिने आग

इंटरनेटवर सावलीतल्या झुडपांच्या याद्या खूप आहेत आणि त्यांत हायड्रेंजिया, अझेलिया, कॅमेलिया हमखास असतात. त्या याद्या थंड हवेच्या, आम्लधर्मी मातीच्या देशांतल्या. पुण्याचा एप्रिल आणि बोअरचं जड पाणी यांपुढे त्यातलं हायड्रेंजियासुद्धा फार तर कुंडीत, लाड करून, एखादा हंगाम तग धरतं. वाफ्यासाठी त्याचा विचार करू नये.

इथे हवी होती अशी झुडपं, जी सहा-साडेसहा महिने सावली खातात आणि एप्रिल-मेचं थेट ऊनही सोसतात. हे गणित अवघड वाटतं, पण सह्याद्रीतल्या पानगळी रानात खालच्या झुडपांचं आयुष्य असंच असतं: पावसात वर गर्द छत, उन्हाळ्यात उघडं आकाश. त्यामुळे यादीत देशी झुडपांना झुकतं माप दिलं. ते हौसेपोटी नाही. या वाफ्याचं ऊन-सावलीचं वेळापत्रक त्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं.

वाफ्याचे तीन तुकडे करून निवड केली.

मधला 30 फुटांचा पट्टा. मागे भिंतीकडे हिरवा शेफ्लेरा, 3 फुटांवर एक, म्हणजे 10 झाडं. पिवळे-पांढरे ठिपके असलेला प्रकार दिसायला छान, पण पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, तो भाग उन्हात आधी जळतो. शिवाय सावलीत हिरव्या फांद्या जोर धरतात आणि त्या सतत कापाव्या लागतात. पुढच्या ओळीत दशमुळी, 2 फुटांवर एक, 15 झाडं. दशमुळीला रान अबोलीही म्हणतात. तिला हिवाळ्यात, वाफा पूर्ण सावलीत असतानाच, जांभळट निळी फुलं येतात आणि जुनी होताना ती लालसर होतात. एप्रिलमध्ये ती केविलवाणी दिसते, पानं कमी होतात, पाऊस पडला की फुटते. हे कमिटीला आधीच सांगून ठेवावं, नाहीतर मेमध्ये ‘वाळलेली झाडं’ उपटली जातात. ती दर नर्सरीत मिळत नाही; देशी झाडांची रोपं करणाऱ्यांकडे मागणी नोंदवावी लागते. डोंगरावरून उपटून आणू नये, ती जगतही नाही.

पूर्वेचा 20 फुटांचा पट्टा, गुलमोहराखाली. हा सगळ्यात कठीण. उजेडापेक्षा मुळांची अडचण मोठी: गुलमोहराची मुळं वरच्या फूटभर मातीतच पसरलेली असतात आणि टाकलेलं पाणी आधी ती पितात. इथे मागे अडुळसा 4 फुटांवर, 5 झाडं. पुढे कोरांटी 3 फुटांवर, 6 झाडं. अडुळसा शोभेचा नाही अशी तक्रार येते. येऊ द्यावी. कोरड्या सावलीत जो टिकतो तो शोभतो. वर्षातून एकदा, पावसाच्या सुरुवातीला, गुडघ्यापर्यंत छाटला की तो भरगच्च राहतो.

पश्चिमेचा 14 फुटांचा पट्टा. इमारतीचा कोपरा इथे संपतो, त्यामुळे दुपारी तीननंतरचं तिरपं ऊन वर्षातले बरेच महिने मिळतं. सावलीचं झाड म्हणून इथे काही लावायचंच नव्हतं. मागे कुंती, जिला नर्सरीत कामिनी म्हणतात, 3 फुटांवर 4 झाडं; पुढे अबोली फुटावर एक, 14 रोपं. कुंती पार आत सावलीतही जगते, पण फुलत नाही. गेटजवळ फुलते आणि वासाचा उपयोग होतो.

यादीतून गाळलेल्यांविषयी थोडं. ऱ्हापिस पाम दाट सावलीला उत्तम, पण उन्हात पिवळा पडतो आणि वाढायला मंद. सँचेझियाची पिवळ्या शिरांची पानं सावलीत उठून दिसतात. एप्रिलच्या दुपारी मात्र ती रोज मान टाकते. अरेलिया घेता आला असता, पण एकाच वाफ्यात दहा जाती कोंबल्या की तो नर्सरीचा नमुना-वाफा दिसतो. तगर हा कुंतीला चांगला पर्याय. डिफनबॅकिया मुलांच्या खेळण्याच्या वाटेवर लावूच नये, त्याच्या रसाने तोंड आणि घसा सुजतो. शेफ्लेराचा रसही त्वचेला खाज आणू शकतो, छाटताना हातमोजे घालावेत.

माती

खणायला सुरुवात केली तेव्हा सहा इंचांखाली मातीऐवजी प्लास्टरचे तुकडे, विटांची चूर आणि मुरूम निघाला. बांधकामानंतर वाफे असेच भरलेले असतात. सिमेंट-चुन्यामुळे माती अल्कधर्मी होते, लोह असूनही झाडाला मिळत नाही. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या राहतात. इक्झोरा फुलला नाही त्यात सावलीबरोबर याचाही हात होता.

मधला आणि पश्चिमेचा पट्टा दीड फूट खोल खणून भरला. 44 फूट गुणिले 4 गुणिले दीड, म्हणजे 264 घनफूट; एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, तर सुमारे 2.6 ब्रास. माती दबते म्हणून 3 ब्रास मागवलं. मिश्रण: 4 भाग पोयट्याची माती, 2 भाग पूर्ण कुजलेलं शेणखत, 1 भाग जाड वाळू किंवा चाळलेला मुरूम, आणि प्रत्येक झाडाच्या खड्ड्यात दोन मुठी निंबोळी पेंड. कोकोपीट मुद्दाम टाळलं. उन्हातल्या कुंडीला ते चांगलं. सावलीतल्या वाफ्यात जुलै-ऑगस्टमध्ये ते ओलंच्या ओलं राहतं आणि मुळं कुजतात.

गॅसच्या पाइपपासून हात राखून, फक्त खुरप्याने काम केलं. तिथे पहार चालवायची नाही. चेंबरभोवती दोन फूट जागा मोकळी. रस्त्याकडच्या विटांच्या कडेला दर 4 फुटांवर एक वीट काढून पाण्याला वाट ठेवली.

गुलमोहराखाली मात्र मोठं खोदकाम नाही. मुळांच्या मधल्या जागा बघून फूटभराचे खड्डे, अंगठ्यापेक्षा जाड मूळ लागलं तर खड्डाच सरकवायचा. गुलमोहर तसाही वादळात पडणाऱ्या झाडांपैकी. आधाराची मुळं तोडून त्याला गाड्यांवर आणण्यात अर्थ नाही. वरून मातीचा थरही दोन इंचांपेक्षा जास्त नको. फांद्या विरळ करायच्या झाल्या तर आधी महापालिकेची परवानगी. झाडांच्या संरक्षणाचा 1975 चा राज्याचा कायदा सोसायटीच्या आवारातल्या झाडालाही लागू आहे.

रोपं घेताना आणि लावताना

मोठं झाड घेतलं की लगेच भरल्यासारखं दिसतं, म्हणून कमिट्या मोठ्या पिशव्या मागतात. गुलमोहराखाली तो पैसा पाण्यात जातो. मोठ्या गोळ्याला मोठा खड्डा लागतो, आणि मुळांच्या जाळ्यात तो मिळत नाही. तिथे 6 बाय 8 इंची पिशवीतली रोपंच घेतली. मधल्या पट्ट्यात 10 इंची पिशवी चालते.

नर्सरीत विचारायचा मुख्य प्रश्न एकच: ‘हे जाळीखाली वाढलंय की उघड्यावर?’ शेफ्लेरा बहुधा जाळीखालचाच असतो, म्हणजे उन्हाची सवय नसलेला. त्यानंतर पिशवीचा तळ बघावा. भोकांतून दोन-चार पांढरी मुळं डोकावत असतील तर उत्तम. तळाशी तपकिरी मुळांची चुंबळ झाली असेल तर ते रोप पिशवीत फार दिवस राहिलेलं आहे.

पिशवी फाडल्यावर आतली चिकट लाल माती घट्ट गोळ्यासारखी असते. हा गोळा तसाच पोयट्यात पुरला तर पाणी त्याच्या बाजूने निघून जातं, भोवतालची माती ओली आणि गोळा आतून कोरडा ठणठणीत. झाड सुकतं, माणूस बोट घालून पाहतो, बोटाला ओल लागते, आणि कोडं सुटत नाही. उपाय सोपा: पिशवीसकट रोप पाण्याच्या बादलीत बुडबुडे थांबेपर्यंत बुडवावं, मग गोळ्याच्या चारही बाजूंनी बोटांनी बाहेरची अर्धा-पाऊण इंच माती सैल करावी, फिरलेली मुळं सरळ करावीत किंवा कापावीत, आणि गोळ्याचा माथा वाफ्याच्या पातळीत ठेवून माती दाबावी. खोडाला माती चढवू नये.

लागवड जूनच्या अखेरीला, दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर. ऑक्टोबरातली दुसरी लागवड इथेही चुकली होती: झाडांना उन्हाआधी मुळं धरायला जेमतेम सहा महिने मिळाले, तेही थंडीचे. जूनमध्ये लावलं की ढगाळ हवेत रुजतं आणि एप्रिलपर्यंत नऊ महिने मिळतात.

पहिला उन्हाळा

सावलीत फुटलेलं पान पातळ आणि मोठं असतं, उन्हाची सवय त्याला नसते. म्हणून पहिल्या वर्षी मधल्या आणि पूर्वेच्या पट्ट्यावर 50 टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी बांधली, मार्चच्या शेवटच्या आठवड्यापासून पहिल्या चांगल्या पावसापर्यंत. जाळी 7-8 फुटांवर, लोखंडी पाइपांच्या आधाराने, भिंतीकडून रस्त्याकडे उतरती. झुडपांवर टेकवून टाकलेली जाळी तापते आणि तिच्याखाली हवा खेळत नाही, लाल कोळी ही कीड वाढते. दुसऱ्या वर्षी जाळी नको; तीच झुडपं स्वतःची सोय करतात. जानेवारीनंतर युरिया किंवा नत्राचं दुसरं खतही नको, त्याने आलेली कोवळी पालवी एप्रिलमध्ये आधी करपते.

पाण्यासाठी 16 मिमीची ठिबक नळी, दर झाडाला ताशी 4 लिटरचे दोन ड्रिपर. एप्रिल-मेमध्ये दिवसाआड अर्धा तास, म्हणजे झाडाला 4 लिटर. गुलमोहराखालच्या पट्ट्याला वेगळा कॉक देऊन तिथे रोज. एकच कॉक ठेवला की एक पट्टा तहानतो नाहीतर दुसरा कुजतो. डिसेंबरात आठवड्यातून एकदा पुरतं. पाणी देण्याआधी दोन इंच खोल बोट घालून पाहावं. पावसात कॉक बंद. गुलमोहराची बारीक पानगळ झाडून पोत्यात भरायची नाही, दोन इंच थराने वाफ्यातच पसरायची, फक्त खोडाभोवती चार बोटं जागा सोडून.

तरीही पहिल्या पावसाळ्यात चेंबरजवळचे दोन शेफ्लेरा गेले. चेंबरचं काँक्रीट खाली पसरलेलं होतं आणि त्यावर पाणी साचत होतं. तिथे पुन्हा झुडूप न लावता ओफिओपोगॉनचे गड्डे 9 इंचांवर लावले. उथळ मुळांचं ते गवतासारखं झाड चेंबर उघडायलाही आड येत नाही. ऑगस्टमध्ये गोगलगायींनी अबोलीची रोपं खाल्ली. त्यांच्यावर मिठाचा प्रयोग लोक करतात, तो वाफ्यात करू नये, मीठ मातीत राहतं. अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन, हातमोजे घालून वेचणं आणि साबणाच्या पाण्यात टाकणं हेच खरं.

कुंतीची नवी पानं पहिल्या हिवाळ्यात पिवळी पडली, कारण गेटजवळचा नळ बोअरचा आहे आणि त्या जड पाण्याने माती पुन्हा अल्कधर्मी होते. फेरस सल्फेट मातीत टाकून उपयोग झाला नसता, अल्कधर्मी मातीत ते लगेच अडकतं. ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह, म्हणजे मातीत न अडकता झाडाला मिळेल अशा रूपातलं लोह, लिटरला 2 ग्रॅम विरघळवून प्रत्येक बुंध्याशी 2 लिटर दिलं. ईडीटीए प्रकार स्वस्त मिळतो, पण अशा मातीत तो टिकत नाही. पाकिटावरचं नाव वाचूनच घ्यावं. त्या पट्ट्याची ठिबक नंतर महापालिकेच्या पाण्याच्या टाकीवर वळवली.